तीन शेपट्यांच्या अळ्या

तांदाझिले माहलांगूचं काम तसं साधं होतं. ओढ्यात उतरायचं, प्रवाहात जाळं धरायचं, दोन मिनिटं पायानं दगड ढवळायचे आणि जाळ्यात अडकेल ते पांढऱ्या ताटात ओतून मोजायचं. कुठले किडे, कुठल्या अळ्या तग धरून आहेत, त्यावरून पाण्याची तब्येत कळते.

जुलैतली, तिकडच्या ऐन हिवाळ्यातली ती दुपार. एमालाहलेनी शहरापासून तासाभरावरच्या त्या ओढ्यावर धुकं उतरलं होतं. वरच्या अंगाला बंद पडलेली कोळशाची खाण, दोन्ही काठांना कापणी झालेली मक्याची रानं. खाणीच्या पाण्यानं दगड तांबडे पडलेले, शेतातल्या खतानं कडेला हिरवं शेवाळ माजलेलं. नासक्या अंड्यांचा वास नाकातून जात नव्हता. खाणवाल्यांना पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद करायचं होतं. ओढ्यात जीव परतलेत असं तिनं लिहिलं की परवानगी मिळणार होती. आणि खालची वस्ती हेच पाणी त्या यंत्रातून शुद्ध होऊन आलं की पीत होती.

काठावर म्हातारी सिबान्योनी, सगळ्यांची गोगो, म्हणजे आजी, मक्याची धाटं गोळा करत होती.

"काय गं पोरी, पाण्यात नवरा शोधतेस?"

"सापडला तर तुम्हालाच देईन, गोगो!"

"नको बाई. एक पुरला, तेवढा पुरे."

हसतच तांदाझिले पाण्यात उतरली. आम्लता मोजली. व्हिनेगरसारखं आंबट पाणी. यात काही जगणं शक्यच नव्हतं. तरी नियमाप्रमाणे तिनं दगड ढवळले, जाळं ताटात उलटं केलं...

ताट वळवळत होतं.

तीन शेपट्यांच्या नाजूक अळ्या. निर्मळ पाण्याशिवाय एक दिवसही न टिकणाऱ्या. दहा, वीस, पन्नास. तिनं ताटातलं पाणी पुन्हा मोजलं. तितकंच आंबट. ती वाकली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पांढऱ्या ताटात तिच्या हाताची पुसट सावली पडतेय, पण एकाही अळीची पडत नाहीये. आणि ओढ्याचा आवाज थांबला होता. पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता. घाण वास जाऊन ओल्या गवताचा गोड वास येत होता. तिला एकाएकी तहान लागली.

सगळ्या अळ्या वळल्या आणि तिच्याकडे तोंड करून स्थिर झाल्या.

"लिहू नकोस." गोगो कधी पाठीशी येऊन उभी राहिली, तिला कळलंही नव्हतं. "ह्या आत्ताच्या नाहीत, पोरी. माझ्या लहानपणच्या आहेत. खाण यायच्या आधीच्या."

"गोगो, काहीतरीच काय..."

"तीन वर्षांमागे असाच एक साहेब आला. ताट बघून नाचला नुसता. बारा जाती लिहून गेला. यंत्र बंद झालं. माझी सून गेली त्या पाण्यानं... तेव्हा कुठे ते पुन्हा सुरू केलं."

"आणि ते साहेब?"

म्हातारीनं धाटांची मोळी डोक्यावर घेतली. "त्यांना तहान लागायची म्हणे. शेवटी शेवटी फारच..."

तांदाझिलेनं ताट ओढ्यात रिकामं केलं. कागदावर लिहिलं: शून्य. लिहिताना तिला आपण खोटं बोलतोय असं वाटलं, आणि खरं बोलतोय असंही. मग मागे न बघता ती गाडीकडे चालत सुटली.

अहवाल तिनं त्याच संध्याकाळी पाठवून दिला. यंत्र चालू राहणार होतं. दारंखिडक्या लावून ती लवकर झोपली.

सकाळी उशाशी पाण्याचा ग्लास होता. अर्धा प्यालेला. आपण तो कधी भरून ठेवला, कधी प्यायलो, तिला काही केल्या आठवेना. तिनं तो उजेडात धरला. आतल्या बाजूनं, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काचेला तशाच तीन शेपट्यांच्या अळ्यांनी टाकलेल्या तीन काती चिकटल्या होत्या. कागदापेक्षा पातळ, पाठीवर उभ्या उललेल्या.

त्यातून बाहेर पडलेलं मात्र खोलीत कुठेच नव्हतं.