मौनवायू

निरंजन हुद्दारने पिशवीतून फ्रिजच्या दाराचं रबर काढून डॉ. शर्वाणी उमराणीच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवलं. ते काळ्या बुरशीने भरलं होतं.

"घरच्या बीअरच्या पिंपाचा फ्रिज. तोटीतून थेंब सांडतात, आत दमट राहतं. पुसलं तरी आठवड्यात पुन्हा येते. विदुलाला दुसरं मूत्रपिंड बसवलंय, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत. ही तिच्या फुप्फुसात गेली तर?" बायकोच्या काळजीने तो म्हणाला.

"फ्रिज काढून टाक ना."

"बीअर तीच बनवते, शर्वाणी. स्वतः पिता येत नाही, पण मित्रांना पाजते. आजारपणात तेवढंच उरलंय तिला."

शर्वाणी त्याची कॉलेजपासूनची मैत्रीण. तिने बोटभर कुपी काढली. "आमचा मौनवायू. दाटी झाली की बुरशी आपल्याच पेशींना रासायनिक निरोप देते, जागा नाही, वाढू नका. या कुपीतून तोच निरोप झिरपत राहतो. बीजाणू झोपून राहतात."

"मरत नाहीत?"

"नाही. पण वाढतही नाहीत."

कुपी आत ठेवल्यावर चार महिने फ्रिज लख्ख दिसला, म्हणून कोणी पुसला नाही. मग विदुला साताऱ्याला भावाकडे गेली आणि पाचव्या दिवशी तापाने फणफणली. परत नाशिकला आणून तपासलं, तर उजव्या फुप्फुसात बुरशी.

रुग्णालयात अहवाल वाचून शर्वाणीचा चेहरा उतरला. "फ्रिजमधलीच. दार उघडलं की साचलेले बीजाणू तिच्या श्वासात जायचे, सोबत वायूही. ती घराबाहेर पडली, वायू तुटला आणि सगळे जागे झाले."

निरंजनने खिशातून नवी कुपी काढली. "मग इथेच उघडतो."

"थांब! तिला चालू केलेलं औषध बुरशीला नवी पेशीभित्तिका बांधू देत नाही, म्हणून ती मरते. झोपलेली बुरशी काही बांधतच नाही. वायू सोडलास तर औषध वाया."

"आणि नाही सोडला तर?"

"ती वाढेल. औषध जिंकेल की ती, मला सांगता येत नाही."

खाटेवर विदुला जागी होती. "जन्मभर कुपी हुंगत बसू? वाढू दे तिला," ती म्हणाली.

नऊ दिवस औषध चालूनही एक्स-रेमधला डाग वाढत गेला. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आज वाढ नाही."

निरंजनला हायसं वाटलं. शर्वाणी मात्र खुर्चीतून उठली. "ती मेलेली नाही. आत दाटी झालीय. आता तिनेच स्वतःला निरोप दिलाय. औषध यापुढे लागू पडणार नाही." मग ती डॉक्टरांकडे वळली. "पण झोपली आहे तोवर पसरणारही नाही. आत्ताच कापून काढा."

त्याच दुपारी फुप्फुसाचा एक भाग काढला. शुद्धीवर येताच विदुलाने विचारलं, "निघाली ना सगळी?"

निरंजनच्या ओठांवर 'हो' आलं होतं. तो म्हणाला, "दिसली तेवढी."

विदुला छातीवर हात ठेवून बराच वेळ एकेक श्वास जपून घेत राहिली.