वटवाघूळ, तितर आणि महादेव

जांबोटीच्या स्टॉपवर पाऊस तिरपा येत होता. सुविधा वही छातीशी धरून भिंतीला चिकटली होती. एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी तिला गुहेतलं वटवाघूळ आणि माळावरचं तितर यांची तुलना करायची होती. वटवाघळं तिनं चार दिवस पाहिली होती. तितराचा रकाना मात्र अंदाजानं भरलेला.

"तितर भुईवर झोपतंय, असं कुणी सांगितलं?" शेजारचा तरुण वहीत डोकावला.

"अंडी भुईवर घालतं… मग झोपणार कुठं?"

"बाभळीवर. आमच्या निपाणीच्या माळावर या, दावतो."

"अनोळखी मुलींना असंच बोलावता?"

"न्हाय… तितराचं इचारणाऱ्या तुमीच पयल्या."

तो महादेव. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंड ओतायच्या फाउंड्रीत कामाला. सुट्टीला इथं आत्याकडं आलेला.

मग तीन रविवार माळावर गेले. वटवाघळाच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू, ते आईच्या पोटाला चिकटून राहतं, हे ती सांगे. तितराची सहा-सात पिल्लं अंड्यातून निघाली की आईमागं पळत सुटतात, हे तो दाखवी. तिनं लिहावं, त्यानं तिच्याकडं बघावं… आणि पेन थांबावं.

सेमिनारला तिनंच त्याला बोलावलं. रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून तो मागच्या बाकावर बसला.

"तितराची निरीक्षणं सुंदर आहेत," सर म्हणाले. "कुणाची?"

फाउंड्रीतल्या एका कामगाराची… जीभच वळेना.

"माझीच, सर."

टाळ्या वाजल्या. तिनं मागं पाहिलं. महादेवही टाळ्या वाजवत होता. तिनं नजर चुकवली. मग तो उठून गेला.

घरी आईनं विचारलं, "कसं झालं गं?" 'छान' म्हणताना सुविधाचे कान शरमेनं तापले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर तिनं खरं सांगितलं. सरांनी गुण कापले. कुणीतरी फिसकन हसलं. ती तशीच उद्यमबागेच्या बसमध्ये चढली.

शिफ्ट सुटली. काजळीनं माखलेला महादेव तिला बघून थबकला.

"तुझं नाव सांगितलं आज… सगळ्यांसमोर."

"काल का न्हाय?"

"लाज वाटली."

"माझी?"

खोटं बोलणं सोपं होतं. "व्हय," ती त्याच्याच बोलीत म्हणाली. "आणि कालपासून माझी मलाच वाटतीया."

"तितरं काय माझ्या मालकीची न्हाईत," तो हळूच म्हणाला. "पण नजर चुकवलीस गं… ते लई लागलं."

तिचे डोळे भरले. पुसायला त्यानं हात उचलला, तर त्याच्याबरोबर कामाला असलेल्या मष्णूनं विचारलं, "कोण रं ह्या?"

महादेवनं तिच्याकडं पाहिलं.

"ह्याची माफी मागायला आलीय, ती," सुविधा म्हणाली. आवाज कापत होता, पण मान खाली गेली नाही. "आणि… ह्याच्यावर जीव जडलाय, ती पण मीच."

गेटावरची चार माणसं वळून बघू लागली. महादेवनं काळे हात पँटला पुसले, पुन्हा पुसले…

"मष्णू," तो म्हणाला, "तू हो फुडं. आमास्नी वेळ लागंल."