उतारावर मागून धरलं तेव्हा

हसायचं तर खुशाल हसा. पण हे माझ्यासोबत घडलंय, आणि तेही भर दुपारी.

अमेरिकेतल्या वायोमिंगमधले बिगहॉर्नचे डोंगर. गेल्या वर्षीचा सप्टेंबर संपत आला होता. मी आणि गानिश काका उन्हाळी कुरणातून मेंढ्या खाली आणत होतो. जुनी पिकअप, मागे मेंढ्यांनी गच्च भरलेला ट्रेलर.

निघतानाच आमची जुंपली.

"काका, नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालंय तुमचं. गाडी मी चालवणार. गप बाजूला बसा."

"बसतो बाई! पण आधी खालचा गियर टाक. ब्रेकवर पाय रोवून बसू नकोस, तापतात. दाबायचा, सोडायचा. नाहीतर ट्रेलर आपल्याआधी खाली पोचेल."

पहिली वळणं नीट गेली. मग उतार वाढला. ट्रेलर मागून ढकलायला लागला. ब्रेकचं पेडल मऊ लागलं… जळका वास आला…

ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा खटका असतो. तो ओढला.

काहीच नाही.

"काका!"

काकांनी छाती धरली होती. पुढे वळण, वळणाखाली दरी. आपण मरणार, एवढंच मला कळत होतं.

तेवढ्यात… मागच्या मेंढ्या ओरडायच्या थांबल्या.

एकदम. सगळ्या.

आणि ट्रेलर मागे ओढला गेला. हळूच. सुटला. पुन्हा ओढला गेला… पुन्हा सुटला…

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

असेच आम्ही पायथ्याला पोचलो. मी उतरले, मागे गेले. ट्रेलरच्या ब्रेकला वीज नेणारी वायर जोडलेलीच नव्हती! भांडणाच्या नादात मला वाटलं काकांनी जोडली, त्यांना वाटलं मी. रस्त्यावर घासून तिचं टोक झिजलं होतं.

काकांनी ट्रेलरच्या चाकाला हात लावला. ब्रेक लागले असते तर चटका बसला असता.

"गार आहे गं, कातालिन."

आत मेंढ्या पुढच्या बाजूला एकमेकींवर चढून उभ्या होत्या. मागचा अर्धा ट्रेलर रिकामा. सगळ्यांचे डोळे त्या रिकाम्या जागेकडे.

"कोण होतं, काका?"

"कुणी का असेना. जीव वाचला ना? मग तोंड बंद."

मीही मनाला तेच समजावलं. वाचवणाऱ्याला कशाला घाबरायचं?

यंदा जूनमध्ये मेंढ्या वर नेल्या. वायर मी स्वतः जोडली. त्याच वळणावर मेंढ्या गप्प झाल्या… आणि ट्रेलर मागे ओढला जाऊ लागला.

या वेळी आम्ही चढत होतो.

अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी हलेना. बऱ्याच वेळाने सुटली.

शनिवारी त्या मेंढ्या खाली आणायच्यात. काका म्हणतात, "तू घरी थांब, मी आणतो." त्यांना एकटं कसं सोडू?

पण खरं सांगते, मला त्या घाटात पुन्हा जायचं नाही.