रिकाम्या गाडीचं वजन

ती बत्ती जरा बारीक कर रे, किडे येतायत. आणि असे जवळ सरकून बसा. हे कुणा तिऱ्हाइताचं सांगत नाहीये. केरू मिस्त्री माझा सख्खा मावसभाऊ. देवरुखला त्याचं ट्रकांचं गॅरेज होतं, आणि भुताखेताच्या गप्पा निघाल्या की तो उठून जायचा, असा माणूस.

शहाऐंशी साल. पूर्णगडचा दत्ताराम आपली गाडी घेऊन त्याच्याकडे आला. मासळी भरून आंबा घाटातून कोल्हापूरला जायचं आणि रिकामं परत यायचं, हा त्याचा धंदा. गाडी जुनी, घाटावरच्या कुणाकडून नुकतीच घेतलेली. तक्रार अशी, की परत येताना घाटात ऑइलचा लाल दिवा लागतो, आणि गाडी उभी केली की इंजिन नुसतं थडथडतं. आता बंद पडेल, मग बंद पडेल.

केरूनं नोझल साफ केले, डिझेलचा फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली. वेगळा मीटर लावून ऑइलचं प्रेशर बघितलं. चोख. गॅरेजात इंजिन असं चालायचं की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवावा. चार दिवसांनी दत्ताराम पुन्हा दारात. तेच दुखणं.

"मिस्त्री, दोन क्लीनर सोडून गेले माझे," तो म्हणाला. "माझी बायको हिरा म्हणते, गाडी विकून टाका. विकली तर मंग खायचं काय? तुम्ही एकदा संगती चला."

"चल," केरू म्हणाला. "होतं तेव्हाच बघायला हवं."

ती रात्र कार्तिकातल्या अमावास्येची. दुसऱ्या दिवशी देवदिवाळी. मासळी उतरवून दोघं परत निघाले आणि मध्यरात्रीनंतर घाट उतरायला लागले. दत्ताराम आपल्या पोरीच्या लग्नाचं काहीतरी सांगत होता. एका वळणावर तो बोलता बोलता थांबला.

लाल दिवा लागला होता.

गाडी कडेला घेतली. इंजिन थडथडायला लागलं, सगळी केबिन हलायला लागली. केरू बॅटरी घेऊन उतरला. ऑइल बघितलं, बरोबर. मग त्यानं दिव्याची वायरच उपटून टाकली.

"गेला काय?" त्यानं ओरडून विचारलं.

"नाय ओ."

केरू वर आला. डॅशबोर्डमागे हात घालून त्यानं बल्ब काढला आणि दत्तारामच्या तळहातावर ठेवला. बल्ब थंड होता. डॅशबोर्डवरच्या काचेआड लाल उजेड… तसाच.



मग गाडी मागून बसली. मागे कुणी चढलं की बसते, तशी. कमानी करकरल्या. केरू उतरून मागे गेला. हौद्यात बॅटरी मारली. ओल्या फळ्या. मासळीचा वास. दुसरं काही नाही. त्यानं चाकांवरच्या लोखंडी कमानींना हात लावून बघितलं.

दबलेल्या होत्या.

तो परत येऊन बसला. दार ओढून घेतलं. आणि मागच्या फळीवर दोन थापा पडल्या.

क्लीनर मारतो ना, तशा. एक मारली की थांब. दोन मारल्या की… चल.

दत्तारामनं गाडी सोडली.

घाट संपतो तिथं यमुनाबाईची चहाची टपरी होती. रात्रीच्या गाड्यांसाठी ती उघडी ठेवायची. दोघं तिथं उतरले. यमुनाबाईनं किटली उचलली आणि तशीच हातात धरून गाडीकडे बघत राहिली.

"रंग बदललात," ती म्हणाली. "पण गाडी तीच. आमचा लवू क्लीनर होता हिच्यावर."

"कोण लवू?" केरूनं विचारलं.

"इथल्याच वाडीतला. मागच्या पावसात घाटात गाडी बंद पडली, म्हणून बघायला खाली उतरला. डायवर प्यालेला. गाडी चालू झाली तसा घेऊन गेला, हा वर चढला की नाय तेसुद्धा बघितलं नाय. पळत सुटला असेल बिचारा अंधारात… दुसऱ्या दिवशी दरीत मिळाला."

"घरी कोण?"

"सखू, बायको. पुढच्या फाट्यावर उतरायचा तो, तिथनं पायवाटेनं घर. तिला किती सांगितलं, पटतच नाय. म्हणते, गाडी यायचीय अजून."

चहा तसाच राहिला.

गाडी फाट्याकडे निघाली. दिवा लालच. 

"मिस्त्री… थांबू काय?"

"तो सांगेल," केरू म्हणाला.

फाटा आला. झाडं. काळोख. पायवाटेचं तोंड…

एक थाप.

दत्तारामनं ब्रेक दाबला. इंजिन थडथडत राहिलं. दोघं समोर बघत बसले. मागे वळायची छाती कुणाची?

कमानी करकरल्या. गाडी मागून उचलली गेली.

दिवा विझला. थडथड थांबली. केरू म्हणायचा, इतकं सुरेख चाललेलं इंजिन मी जन्मात ऐकलं नाही, आणि मला रडूच फुटलं.

पुढे कितीतरी वर्षं दत्तारामनं ती गाडी चालवली. दिवा परत कधी लागला नाही.

पण त्या रात्री केरूला राहवेना. उजाडल्यावर तो फाट्यावरून एकटाच वाडीत गेला. शेवटचं घर सखूचं. देवदिवाळीसाठी तिनं आदल्या संध्याकाळी अंगण सारवलेलं. ती दारात उभी होती, केस विंचरलेले, नीट नेसलेली. हा काही विचारणार, तेवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला भावोजी. आताच डोळा लागलाय त्यांचा."

केरूनं मान खाली घातली. तेव्हा त्याला दिसलं.

सारवणावर पावलं होती. अनवाणी, पुरुषाची. काळ्या ऑइलची… अजून ओली. पायवाटेपासून थेट उंबऱ्यापर्यंत.

सगळी आत जाणारी.