डाव्या पायाची लाट

ऑपरेशन चालू असताना रुग्णाच्या पायांवर नजर ठेवणं, हे तिचं काम. दोन्ही पावलांत बारीक सुया टोचायच्या, डोक्याकडून विजेचा हलका झटका द्यायचा आणि पडद्यावर लाटा बघायच्या. लाट खचली की तिने ‘थांबा’ म्हणायचं. मग सर्जनचाही हात थांबे.

आज टेबलावर तिचा थोरला भाऊ होता. दादाच्या कण्यात गाठ होती, मज्जारज्जूला घट्ट चिकटलेली. गाठ साधीच, पण काढताना रज्जू दुखावला तर डावा पाय कायमचा जाणार, अर्धवट ठेवली तर ती पुन्हा वाढणार. आणि दादा तर विजेच्या खांबांवर चढणारा माणूस. दुसरा तंत्रज्ञ रजेवर, म्हणून सर्जन सरांनी कुरकुरत तिलाच बसू दिलं.

भूल चढण्याआधी दादाने डोळे मिचकावले. “चिमणे, पाय गेलाच तर तुझा देशील ना?”

“घे की. नाहीतरी माझा बसूनच असतो.”

उजव्या पायात सुया टोचून होताहेत तोच दादाला पालथं करायला हाक आली. मग चादरी पडल्या. ती चाकाच्या स्टुलावर बसली. पडद्यावर दोन्ही लाटा छान उठत होत्या.

गाठ सुटू लागली तशी डावी लाट खचली.

“थांबा.”

रज्जू सावरावा म्हणून सरांनी कोमट सलाईन ओतलं. तिच्या डाव्या पायातून कमरेपर्यंत चमक गेली. बसून बसून पाय आखडला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. लाट परत उभी राहिली.

“पुढे जाऊ?”

“जा.”

असं पुन्हा पुन्हा झालं. दर वेळी लाट सावरायची आणि तिचा पाय आणखी बधिर व्हायचा. शेवटी मुंग्याही थांबल्या. गाठ सबंध निघाली. आज तुझ्याच भरवशावर काढली, असं सर म्हणाले.

चादरी निघाल्या. सुया काढायला ती स्टूल सरकवत पायाशी आली.

दादाच्या डाव्या पायात सुया नव्हत्या. टोचल्याची खूणही नव्हती.

तिने खिसा चाचपला. डाव्या पायाच्या सुयांचं पाकीट आत होतं. न फोडलेलं.

दादा शुद्धीवर आला. सरांच्या सांगण्यावरून त्याने दोन्ही पाय हलवले. तिला रडूच फुटलं, आनंदाने आणि भीतीनेही.

ती उठायला गेली, पण डाव्या पायाने भार घेतलाच नाही; ती परत स्टुलावर बसली.

कुणाचं लक्ष नाही बघून तिने डावा मोजा उतरवला. ती नेहमी टोचते त्याच जागी रक्ताचे दोन ठिपके सुकले होते.

समोर दादा डाव्या पायाचा अंगठा हलवून दाखवत होता, तिला बरं वाटावं म्हणून.