आखूड बंदूक

त्या दिवशी मी हवल्लीत गेलो तो फक्त मुलीच्या, सलोनीच्या, फोटोला चौकट करून घ्यायला. शुक्रवारची सुट्टी, साल दोन हजार एक. मंगफच्या घरून निघतानाच आभाळ तांबूस झालेलं होतं. धुळीचं वादळ येणार, हे कुवेतमध्ये इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

चौकटवाला अशरफ रत्नागिरीचा, माझा जुना मित्र. तो एक लांबट काचपेटी उचलून निघालाच होता.

"राजाभाऊ, जरा चला ना सोबत. जयरामशेटच्या दुकानात ही द्यायचीय. तिथं हल्ली एकट्यानं जावंसं वाटत नाही."

"का रे?"

"आवाज येतात," एवढंच तो बोलला.

जयराम नाशिकचा. जुन्या वस्तू विकायचा, गोड बोलायचा. टेबलावर एक जुनी लष्करी एनफील्ड बंदूक पडली होती, पण नळी आणि पुढचं लाकूड हातभर कापून टाकलेलं.

"लांब बंदूक कोण घेतो?" तो म्हणाला. "आखूड केली की घोडदळाची होते. ही एका शेखच्या अंगरक्षकाची. आज गिऱ्हाईक येतंय."

"अंगरक्षकाची कशावरून?"

"मी म्हणतो म्हणून!" तो हसला.

मी बंदूक उचलली. दस्ता कानशीने घासून वर काळं पॉलिश फासलं होतं. उजेडात तिरपी धरली, तर चाकूच्या टोकाने कोरलेली वेडीवाकडी अक्षरं अजून दिसत होती. 'रावजी, कुसगाव.'

माझं डोकंच फिरलं. पहिल्या महायुद्धात आपल्याकडची किती पोरं इथून जवळच, इराकात बसऱ्याला उतरली आणि तिकडेच मातीत गेली! त्यातल्या एकाने हातातल्या एकमेव वस्तूवर आपलं नाव कोरलं, आणि हा गृहस्थ ते कानशीने पुसतोय!

"जयराम, आपल्या माणसाचं नाव आहे हे!"

"मेला तो, राजाभाऊ. कधीच मेला. नावाला काय भाव येतो?"

"मी गिऱ्हाइकाला सगळं सांगणार."

"खुशाल सांगा." त्याने कानस उचलली आणि माझ्या डोळ्यांदेखत उरलेली अक्षरं घासायला घेतली. मी त्याचं मनगट पकडलं.

तेवढ्यात वादळ येऊन थडकलं. भर दुपारी काचेबाहेर सगळं आधी गेरूच्या रंगाचं झालं, मग काळंठिक्कर. वीज गेली. आणि त्या अंधारात आवाज सुरू झाला. कुणीतरी नळीतून चिंधी ओढत होतं. सर्र... सर्र... आणि दरवेळी मध्येच तुटल्यासारखा थांबत होता. ओल्या लोकरीचा, नदीच्या गाळाचा वास नाकात शिरला.

"माजीच हाय..." टेबलाच्या बाजूने कुणीतरी हळू म्हणालं. "पर आखूड कशी?"

अशरफ पुटपुटत दुवा म्हणू लागला.

"बाकीची... कुटं हाय?"

जयरामचं मनगट अजून माझ्याच मुठीत होतं. "भंगारात... दिली."



"मंग माप... कसं पुरं व्हायचं?"

"राजाभाऊ," जयराम कुजबुजला, "माझ्या डोक्यावर... हात कुणी ठेवलाय?"

माझा दुसरा हात अशरफने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

दिवे आले तेव्हा दुकानात आम्ही तिघेच होतो. जयरामला कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

गिऱ्हाईक आलं ते एक इंग्रज साहेब. मी त्याला सगळं सांगितलं; कापलेली नळी, घासलेलं नाव, खोटा अंगरक्षक. त्याने चहा पीत नीट ऐकून घेतलं. "छान गोष्ट आहे," म्हणाला, "पण अंगरक्षकाची जास्त शोभते." आणि खोट्या गोष्टीसकट बंदूक घेऊन गेला! आजही ती कुठल्यातरी दिवाणखान्यात शेखच्या नावाने टांगलेली असेल. भुतापेक्षा मला त्याचाच संताप जास्त येतो.

सात-आठ महिन्यांनी जयराम रस्त्यात भेटला. माझ्याच उंचीचा हा माणूस मान वर करून माझ्याकडे बघत होता. बाह्या बोटांवर आलेल्या, पँट खाली दोनदा दुमडलेली.

"अंगाचे कपडे तरी घालावेत," मी म्हणालो.

"अंगाचेच आहेत," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात माप देऊन शिवलेत."