म्होरक्याची रेघ

ही गोष्ट खरी आहे.

सोनाजीच्या, म्हणजे माझ्या, बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं, असं आमच्या पुसेगावात म्हणतात. खुशाल सोडा. पण आजच्या गोष्टीतलं कोणतं निम्मं सोडायचं, ते शेवटी तुम्हीच मला सांगा.

गेल्या पौषातली अमावस्या. गावाच्या वरचा माळ.

रात्र नव्हती. भर दुपार होती... स्वच्छ ऊन.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी कोमल पुण्याहून आली होती. ती पोरींचे गट घेऊन डोंगरात फिरते. मागच्या पावसाळ्यात धुक्यात तिचा मोबाइल बंद पडला, वाट चुकली, आणि एक पोरगी थेट कड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मागं ओढली म्हणून वाचली. तेव्हापासून कोमलला नीट झोप नव्हती. पुढच्या महिन्यात पुन्हा पोरी घेऊन जायचं होतं. त्याआधी हातात धरायचं जीपीएस यंत्र घ्यायचं, आणि असं घ्यायचं की डोळे मिटून त्याच्या मागं जाता येईल.

दोन यंत्रं घेऊन आली होती. एक नवं कोरं, बोट फिरवलं की नकाशा सरकायचा. दुसरं जुनं, कोणीतरी वापरलेलं. बटणांचं, विटेसारखं जाड, सेलवर चालणारं. माळावर दोन्हींची पारख करायची, एक ठेवायचं, एक परत पाठवायचं.

"जुनं कोणाकडून घेतलं?" मी विचारलं.

"फोनवरच बोलणं झालं, मोठेबाबा. त्या माणसानं एकच विचारलं. चालताना यंत्र मागं पिशवीत ठेवता, की पुढं धरता?"

"तू काय म्हणाली?"

"पुढं धरते म्हणाले."

"मग?"

"मग म्हणाला... बरं."

मला तिथंच संशय आला.

कोमलचा आणखी एक खेळ आहे. रानात डबा लपवायचा, त्याचं ठिकाण आकड्यांत इंटरनेटवर टाकायचं. मग कुठली कुठली माणसं यंत्र घेऊन तो हुडकत येतात. मी म्हणालो, "त्यात काय मोठं? मी लपवलेला तंबाखूचा डबा तुझी मोठीआई बिनयंत्राचा हुडकते."

माळावर वसराम शेळ्या चारत होता. बंजारा तांड्यावरचा माझा जुना सोबती. मला बघून ओरडला, "काय सोनाजीभाऊ, आज कोणाला टोपी घालून राहिले?"

कोमलनं एका सपाट दगडाशेजारी स्टीलचा डबा लपवला. दगडावर दोन्ही यंत्रं ठेवली. म्हणाली, "आपण चाललो की यात मागं रेघ उमटते, गोगलगाय गेल्यासारखी. जागेवर ठेवलं तर नुसता ठिपका पाहिजे. जे यंत्र जागचं हलणार नाही, ते खरं."

मग आम्ही तिघं पळसाखाली भाकरीचं फडकं सोडून बसलो. दगड डोळ्यांसमोर होता.

ठेचा झक्क झाला होता. वसराम कसलीशी गंमत सांगत होता.

आणि... घंटा वाजली.

एकच टोला. जड. बैलाच्या गळ्यातली.

माळावर बैल नव्हता.

वसराम बोलायचा थांबला. त्याच्या शेळ्याही चरायच्या थांबल्या. सगळ्यांची तोंडं एकीकडं... समोरून कोणी चाललं की माना फिरतात ना, तशा त्या माना फिरत होत्या. हळूहळू. दगडापासून ओढ्याकडं.

मग तिथून परत दगडाकडं.

पाखरांचा आवाज कधी बंद झाला, ते कळलंच नाही.

"उठू नका," वसराम हळू म्हणाला.

थोड्या वेळानं एक शेळी शिंकली आणि सगळ्या पुन्हा चरायला लागल्या. कोमल उठून दगडाकडं गेली. नव्या यंत्रात बारीक गिचमिड होती, तेवढी चालते म्हणाली.

जुन्या यंत्रात...

एक सरळ रेघ. दगडापासून निघाली, ओढ्यापर्यंत गेली, तिथं थांबली, परत आली.

कोमल माझ्याकडं वळली. "मोठेबाबा, कधी नेलं तुम्ही हे?"

"मी? अगं, भाकरी खात होतो तुझ्यासमोर!"

"तुमचं काही सांगता येत नाही. मागं माझ्या दप्तरात बेडूक कोणी घातला होता?"

आयुष्यभर बेडूक घातले की असं होतं. मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. तिनं वसरामकडं बघितलं. त्यानं ठेच्यानं लाल झालेली बोटं दाखवली. यंत्रावर डाग नव्हता.

"परत बघू," ती म्हणाली. सगळ्या रेघा पुसल्या. यंत्र दगडावर ठेवलं आणि स्वतःचा पंजा त्याच्यावर दाबून धरला. पडदा तेवढा उघडा. आम्ही तिघं वाकून बघत होतो.

ठिपका... ठिपकाच.

मग रेघ निघाली.

तिच्या हाताखालून. यंत्र जागेवर, रेघ चालून राहिली. माणसाच्या चालीची नाही. सावकाश, डुलत, जनावरासारखी. गावाच्या वाटेला लागली आणि ओढ्याच्या काठाशी थांबली.

तिथून हलेना.

वसरामनं त्या रेघेला हात जोडले. "म्होरक्या हाय."

"कोण म्होरक्या?" कोमलनं विचारलं.

"आमचे वाडवडील बैलांवर धान्य-मीठ लादून याच माळावरून जायचे. सगळ्यात पुढं एक बैल मोकळा चालायचा. त्याच्या पाठीवर वझं न्हाई टाकायचे. गळ्यात कवड्या, लाल कापड अन् घंटा. तो थांबला की तांडा थांबायचा. काहून थांबला, हे इचारायचं न्हाई."

"आणि पुढं नेलाच तर?"

"एकदा एकानं नेला. चाबूक मारून. निम्मा तांडा त्याच्या मागं गेला."

"मग?"

"मंग काय? आमी मागं राहिलेल्यांची लेकरं हाओत."

ऊन कलायला लागलं होतं. आम्ही निघालो. कोमलच्या एका हातात नवं यंत्र, दुसऱ्यात जुनं. नवं म्हणत होतं, सरळ चला. वाटही सरळच होती, मी लहानपणापासून चाललेली. ओढ्यापलीकडं गावातला धूर दिसत होता.

काठाजवळ वसरामनं शेळ्या वळवल्या. "आपण फेऱ्यानं जाऊ."

"मामा, यंत्र बिघडलंय, एवढंच आहे," कोमल म्हणाली. "असल्या रेघेवर मी पोरींचा जीव सोपवू?"

"पोरी, तो थांबलाय."

"म्हणूनच बघायचंय मला, काय आहे तिथं."

तिनं पाय उचलला.

आणि घंटा वाजली...

या वेळी माळावरून नाही. तिच्या हातातून. त्या जुन्या विटेतून.

तिचा पाय तसाच मागं आला. मी तिचा दंड धरला. वसरामनं एक धोंडा उचलून समोरच्या वाटेवर टाकला.

धप्प.

वाट गेली. बैलगाडी मावेल एवढी वाट डोळ्यांदेखत खाली बसली. कोणीतरी ओढ्याच्या बाजूनं मुरूम उकरून नेला होता. वर नुसता पापुद्रा राहिला होता. धूळ बराच वेळ खाली बसेना.

नव्या यंत्रावर बाण तसाच होता. सरळ चला.

कोमलनं ते बंद करून खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी नवं यंत्र परत पाठवलं आणि जुनं घेऊन पुण्याला गेली. पुढच्या महिन्यात पोरी सुखरूप फिरून आल्या. धुक्यात एका ठिकाणी रेघ थांबली, म्हणून तिनं सगळ्यांना खाली बसवून ठेवलं. धुकं विरलं तेव्हा पुढं काय होतं, ते तिनं मला सांगितलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती रंगवून पारावर कधीच सांगितली असती.

पण परवा तिचा फोन आला. यंत्र सेल काढून कपाटात ठेवलेलं. सहज सेल घातले, तर आत रेघ. पुण्याच्या तिच्या खोलीतून निघालेली. नद्या, डोंगर, गावं ओलांडून आलेली... सावकाश, डुलत.

"कुठवर आली?" मी विचारलं.

"मोठेबाबा... तुमच्या दारापर्यंत. तिथं थांबलीय."

मी वसरामला निरोप धाडला. तो आला, पण अंगणाबाहेरच उभा राहिला. त्याच्या शेळ्या आत येईनात. सगळ्या आमच्या उंबऱ्याकडं बघून राहिल्या होत्या.

"थांबला, हे तर खरं," तो म्हणाला. "पण आत येताना थांबला, का वळून तुमच्या म्होरं बाहीर निघताना?"

"त्यानं काय होतं?"

"आत येताना थांबला असंल, तर आत जाऊ नका. बाहीर निघताना थांबला असंल, तर बाहीर पडू नका."

कोमलला पुन्हा फोन लावला. ती म्हणाली, रेघेला तोंड नसतं.

तेव्हापासून मी उंबऱ्यावर बसून आहे. एक पाय आत, एक बाहेर. निर्मलाबाई, म्हणजे आमची मंडळी, आतून ओरडते, "नाटकं पुरे, जेवायला या!" वसराम बाहेरून म्हणतो, "भाऊ, बाहीर या." गावातली माणसं येता-जाता हसतात. म्हाताऱ्यानं नवीन सोंग काढलं म्हणतात.

हसू द्या.

माळावरचा डबा अजून तिथंच आहे. हौस असेल त्यानं हुडकावा.

मला फक्त एवढं सांगा, यातलं कोणतं निम्मं सोडायचं? मघापासून घरात घंटेचा बारीक आवाज येतोय. निर्मलाबाई म्हणते, तिनं देवघरातल्या घंटेला हात लावलेला नाही.

आणि आता तिचाही आवाज येत नाही.